नानखटाईला स्पॅनिशमधे काय म्हणायचं? (शनिवारी स्टॉल आहे, लवकर सांगा)

मावा_केक

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय, सांभाळून घ्या. नवऱ्याच्या नोकरीपायी सात महिन्यांपासून मेक्सिकोत ग्वादालाहाराला आहोत. लेकीच्या शाळेत शनिवारी केर्मेस आहे, केर्मेस म्हणजे आपली आनंदमेळा टाइप जत्रा, आणि पालकांच्या मीटिंगमधे मी उत्साहाच्या भरात हात वर करून बसले की भारतीय बेकरीचा स्टॉल मी लावते. नानखटाई, मावा केक, खारी आणि जिरा बटर. करायचं टेन्शन अजिबात नाहीये, पुण्यात असताना दिवाळीच्या ऑर्डरी घ्यायचे, टेन्शन आहे ते पाट्यांचं.

तर झालं असं, फोनमधल्या भाषांतराच्या ॲपला केक विचारलं, त्याने बिस्कोचो सांगितलं. मी मोठ्ठा पुठ्ठा घेतला, लाल स्केचपेनने 'प्रुएबे मि बिस्कोचो' (माझा केक चाखून बघा) असं झोकात लिहिलं, कडेने तोरण काढलं आणि वाळायला पॅसेजमधे भिंतीला टेकवून ठेवलं. शेजारच्या सेन्योरा, सत्तरीच्या असतील, बाजारातून आल्या, त्यांनी पाटी वाचली, पिशवी खाली ठेवली आणि तोंडावर हात धरून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. मग माझ्याच हातातलं पेन घेऊन शब्द खोडला आणि म्हणाल्या, 'मेहोर पोन पान्केसितो, मिहा', म्हणजे त्यापेक्षा पान्केसितो लिही गं पोरी. का ते काही केल्या सांगेनात. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणतो ऑफिसात हा शब्द मी विचारणार नाही.

आता मला कुठल्याच शब्दाचा भरवसा वाटेना झालाय. कोणी जाणकार आहे का?

कटिंग_चहा

रुमाल टाकून ठेवतो. हा धागा रंगणार.

वेलांटी

मावा_केक, तुमच्या शेजारीण सज्जन आहेत म्हणून नुसत्या हसल्या :)

मी पुण्यात स्पॅनिश शिकवते, त्यामुळे हा प्रश्न वर्षातून दोनदा तरी येतोच. बिस्कोचो आणि आपलं बिस्किट हे सख्खे भाऊ आहेत, दोघं लॅटिनमधून आले, मूळ अर्थ 'दोनदा भाजलेलं'. गलबतावर महिनोन्‌महिने टिकावा म्हणून पाव दोनदा भाजून खडखडीत करायचे, ते. इंग्रजांच्या हातात तो शब्द कडकच राहिला, आपल्याकडे चहात बुडवायला आला, आणि स्पेनमधे मात्र मऊ होऊन साध्या स्पंज केकचा झाला. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ टोस्ट आणि एक केक. तुमच्या ॲपने तो स्पेनचा अर्थ दिला, तो चूक नाहीये. पण मेक्सिकोत हा शब्द चारचौघांत जपून. काही ठिकाणी जुनी माणसं गोड पावाला बिस्कोचो म्हणतात, पण चावट बोलण्यात तो बायकांच्या अवयवाचं बाजारू नाव आहे. आता पाटीवरचं पूर्ण वाक्य परत एकदा मनात म्हणून बघा.

मावा_केक

अगं बाई!!!!

मी तो पुठ्ठा दुकानाच्या काउंटरवर ठेवून लिहिला होता, तिथून लिफ्टमधून वर आणला, लिफ्टमधे दोन कॉलेजची मुलं होती. आता मला ती का खोकत होती ते कळलं.

माद्रिदवासी

हाहाहा, ताई, तुम्ही एकट्या नाही आहात. मी अकरा वर्षं माद्रिदला आहे. इथे बिस्कोचो बिनधास्त म्हणा, शाळेच्या डब्यात देतात, आजी लोक रविवारी करतात. (उच्चार मात्र इथे 'बिथ्कोचो', जीभ दातात धरून.) माझी गंमत तोर्ताची आहे. मी आधी अर्जेंटिनाच्या एका बाईंकडे ऑनलाइन स्पॅनिश शिकले होते आणि त्यांनी शिकवलेलं की बर्थडे केक म्हणजे तोर्ता. मुलाचा पहिला वाढदिवस, मी कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन ऐटीत सांगितलं उद्यासाठी एक चॉकलेट तोर्ता पाहिजे. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे कागदात गुंडाळलेली एक पातळ कुरकुरीत चकती समोर ठेवली, वर तीळ आणि साखर, आत बडीशेपेसारखा वास, चॉकलेटची नाहीये म्हणाली. ती तोर्ता दे आसेइते, सेव्हिलकडची ऑलिव्ह तेलातली, चवीला अप्रतिम हं, पण तिच्यावर मेणबत्ती कुठे लावू! इथे मेणबत्तीवाला केक म्हणजे तार्ता, एका माणसाचा छोटा क्रीमवाला पीस म्हणजे पास्तेल, आणि क्रीमबिम काही नसलेला साधा तो बिस्कोचो.

शिवाय एक्स्त्रेमादुराकडे तोर्ता देल कासार म्हणून मिळतं ते चक्क चीज आहे, वरून टोपण कापायचं आणि आतलं पातळ चीज पावाने पुसून खायचं. आणि पोराला 'आता एक तोर्ता देईन' म्हटलं तर ती कानाखाली. गायेता म्हणजे बिस्किट, पण गायेता देईन म्हटलं तरी तेच.

कटिंग_चहा

म्हणजे आपली चापटपोळी आणि धम्मकलाडू! जगात सगळीकडे आया खायला घालण्याचीच धमकी देतात.

वेलांटी

+१, हे मी आता वर्गात वापरणार, धन्यवाद.

ब्वेनोस_बाबा

माद्रिदवासी यांच्या त्या अर्जेंटिनाच्या बाई बरोबरच होत्या. आमच्याकडे बर्थडे केक म्हणजे तोर्ताच, आणि तार्ता म्हणजे तिखटमिठाचा, पालक नाहीतर हॅम-चीज घातलेला पाय. स्पेनच्या बरोब्बर उलटं. मेक्सिकोत तर तोर्ता म्हणजे पावात भरलेलं सँडविच, ग्वादालाहाराची ती सॉसमधे बुडवलेली तोर्ता आओगादा प्रसिद्धच आहे, ताईंनी खाल्ली असेल. म्हणजे एक शब्द आणि तीन देशांत जेवणाच्या तीन वेगळ्या वेळा.

मी ब्वेनोस आयरेसला नवीन असताना सकाळी ऑफिसात एकजण म्हणाला आज तुझी पाळी, फाक्तुरा आण. फाक्तुरा म्हणजे बिल, हे मला अकाउंट्समधे असल्याने नीट माहीत. मी तीन महिन्यांची बिलं प्रिंट काढून फाइलला लावून नेली. सगळं ऑफिस फाइलीकडे बघतंय. इथे फाक्तुरास म्हणजे बेकरीतला गोड नाश्ता, डझनावर घ्यायचा, त्यात मेदियालुना म्हणजे अर्धचंद्र (क्रोसाँची धाकटी, गोड, वर पाक लावलेली बहीण), आणि बाकीची नावं ऐका: बोला दे फ्राइले म्हणजे साधूबाबाचे... हं, तेच. सुस्पिरो दे मोंहा म्हणजे जोगिणीचा उसासा. साक्रामेंतो, म्हणजे चर्चमधला संस्कार. विहिलांते म्हणजे पोलिस शिपाई, दंडुक्यासारखा लांब. कान्योन्सितो म्हणजे छोटी तोफ, हा आपला क्रीमरोलच पण आत दुल्से दे लेचे (साखर घालून आटवलेलं घट्ट दूध). बोंबा म्हणजे बॉम्ब.

ही नावं अशी का, तर १८८७ मधे ब्वेनोस आयरेसच्या बेकरी कामगारांनी संघटना काढली, काढणारे इटलीहून आलेले अराजकवादी, एत्तोरे मात्तेई आणि एर्रिको मालातेस्ता. १८८८ मधे मोठा संप केला. आणि सांगतात की देव, पोलिस, लष्कर या सगळ्यांची टर उडवायला कामगारांनी पदार्थांना ही नावं पाडली, म्हणजे शेठ लोकांनी सकाळी उठून कॉफीबरोबर पोलिस खायचा. ४ ऑगस्टला इथे बेकरीवाल्यांचा दिवसही असतो.

सदाशिवपेठी

छान माहिती. आमच्याकडे बेकरीवाले फक्त दुपारी दुकान बंद ठेवतात, संप वेगळा करायची गरज पडत नाही.

मावा_केक

बाबा, केवढं मस्त लिहिलंत! पण शनिवार जवळ येतोय हो, माझी नानखटाई??

इथली बेकरी तशी मला आता सरावाची झालीये. आत शिरलं की अल्युमिनियमचा मोठा ताट घ्यायचा, त्याला चारोला म्हणतात, आणि चिमटा, पिन्सास, आणि आपण फिरत फिरत एकेक उचलायचं, मग काउंटरवरची बाई मोजून कागदी पिशवीत भरते. पहिल्यांदा मी ताट न घेता हाताने कोंचा उचलली तेव्हा मागच्या काकूंनी असं पाहिलं जसं मी देवघरात चप्पल घालून गेले. आता तर दियास दे मुएर्तोस (इथला मृतांचा सण) जवळ आल्याने सगळ्या काचांमागे पान दे मुएर्तो, वर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या आणि साखर, लेक म्हणते आई हा कवटीवाला बन दे.

ब्वेनोस_बाबा

ताई, तुम्ही कोंचा इतक्या सहज लिहिलंत. मेक्सिकोत तो शिंपल्यासारखा गोड बन हे मान्य. पण कधी अर्जेंटिनाला आलात तर बेकरीत 'कोंचा आहे का' विचारू नका, ती तुमची बिस्कोचोवाली गोष्ट. उरुग्वे, चिलीमधेही तसंच. आणि तुमच्याकडचं ते बकरीच्या दुधाचं काहेता, त्याचंही नाव इथे घेऊ नका.

कटिंग_चहा

या भाषेत बेकरीत जाताना पोरांना घरी ठेवून जावं लागत असेल.

पोदेराचो_पूत

देव बरें करूं सगळ्यांचं. मी म्हापशाचा, आता लिस्बनला असतो, त्यामुळे स्पॅनिशमधे चोंबडेपणा करायचा अधिकार आहे असं समजतो. आपण ज्याला पाव म्हणतो तो पोर्तुगीज लोकांचा पांव, नाकातला उच्चार, स्पॅनिशमधे तोच पान. आमचा पोदेर (पाववाला) म्हणजे त्यांचा पादेइरो, स्पॅनिशमधे पानादेरो. सकाळी सायकलवर वेताची टोपली, निळं प्लास्टिक, आणि पों पों असा भोंगा, आणि आई दारातनं ओरडणार की उंडे चार दी आनी पोळयो दोन. आता वडापाव खाणाऱ्या माणसाला सांगा की तू अर्धा पोर्तुगीज खातोयस, ऐकत नाही.

सांगायचं ते हे की बोयो म्हणून स्पॅनिश शब्द आहे, स्पेनमधे मऊ गोड बन, आणि पोर्तुगीजमधे बोलु म्हणजे केक. मी इथे शिकलेल्या शब्दाला जरा स्पॅनिश हेल काढून सेव्हिलला केक मागायला गेलो, बन मिळाला. जवळच्या भाषा जास्त फसवतात हो, लांबची भाषा असली की माणूस निदान डिक्शनरी उघडतो.

माद्रिदवासी

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात नवरा बेकरीवरची पाटी वाचून म्हणाला, अगं इथेही पानाची गादी आहे.

चिलीमिली

मी सान्तियागोला आहे, उशिरा आले. आमच्याकडे अजून वेगळी तऱ्हा. केकचं साधं, वर काही न लावलेलं रूप म्हणजे केके, इंग्रजी केक ऐकून तसंच्या तसं उचललेलं. क्रीमवाला तो तोर्ता. दक्षिणेकडे जर्मन लोक येऊन राहिले म्हणून फळांचा तो कूखेन. कोलंबियातल्या मैत्रिणीच्या घरी पोंके म्हणतात, तो पौंड केकचा झालाय. क्यूबाची एक मुलगी ऑफिसात आहे ती तर नुसतं 'केई' म्हणते, शेवटचा क गिळून. आणि प्वेर्तो रिकोचा माणूस म्हणाला ख्रिसमसला पास्तेल खायला ये, मी जेवण न करता गेले, केक म्हणून, तर केळीच्या पानात बांधलेलं मांसाचं उकडलेलं गाठोडं, पातोळ्यांची तिखट चुलत बहीण म्हणा. मी शाकाहारी.

रोजचा पाव म्हणजे मार्राकेता, मधे खाच असलेला, बाहेरून कडक, आपला ब्रुन जवळचा. वाल्परायसोला गेलं की त्यालाच पान बातिदो म्हणतात. आणि संध्याकाळी चहा-पाव-अव्होकाडो असं खातात त्याला 'ओन्से' म्हणजे अकरा म्हणतात, खातात सहा-सात वाजता. पहिल्यांदा ओन्सेला बोलावलं तेव्हा मी सकाळी अकराला दार वाजवलं. नाइटीत होती बिचारी.

आजीचा_बटवा

सगळ्यांचं वाचतेय, मजा येतेय. मुलाकडे टेक्सासला असते, इथे मेक्सिकन दुकानं खूप. मला एकच विचारायचंय, आम्ही माळकरी. बिस्किटांच्या पुड्यावर मान्तेका लिहिलेलं असतं ते म्हणजे लोणी ना? सून म्हणते असेल, मी आपली चार महिने खातेय.

ब्वेनोस_बाबा

हो आजी, मान्तेका म्हणजे बटर. निवांत खा.

माद्रिदवासी

अहो बाबा थांबा थांबा!! आजी, थांबा. अर्जेंटिनात मान्तेका म्हणजे लोणी, खरंय. पण स्पेन आणि मेक्सिकोत मान्तेका म्हणजे डुकराची चरबी. लोणी म्हणजे मान्तेकिया. शेवटी 'किया' आहे का बघा.

ब्वेनोस_बाबा

अरे देवा. आजी, माफ करा, मी इथल्या सवयीने बोललो. इथेही मेदियालुना दोन प्रकारची मिळते, दे मान्तेका म्हणजे लोण्याची आणि दे ग्रासा म्हणजे चरबीची, ती गाईबैलाची. मी पहिलं वर्ष विचारायचो, मग विचारणं सोडलं.

आजीचा_बटवा

पुडा आणून बघितला. मान्तेका वेखेताल असं आहे, पुढे काहीतरी पाल्मा.

वेलांटी

आजी, सुटलात. मान्तेका वेहेताल म्हणजे वनस्पती, आपला डालडा. पाल्मा म्हणजे पाम तेल. (स्पॅनिशमधे जी पुढे ए आला की ह होतो, वेहेताल.) नुसतं मान्तेका किंवा मान्तेका दे सेर्दो दिसलं की ठेवून द्यायचं. मान्तेका दे काकाओ लिहिलं असेल तर ते चॉकलेटमधलं कोको बटर, चालेल. स्पेनमधे ख्रिसमसच्या दिवसात पोल्वोरोन आणि मान्तेकादो नावाची बिस्किटं येतात, दिसायला अगदी नानखटाई, हातात घेतली की भुगा होते, पण परंपरेने ती चरबीचीच, नावातच मान्तेका आहे. मायोर्काचा तो गोल वेटोळ्याचा एन्साइमादा, त्यातला साइम म्हणजे पण चरबीच. माझे शाकाहारी विद्यार्थी स्पेनला जाऊन मांस बरोबर टाळतात आणि बेकरीत फसतात, कारण पावाकडे कोणी संशयाने बघतच नाही.

आजीचा_बटवा

विठ्ठला. पुडा परत डब्यात ठेवला.

मावा_केक

वेलांटीताई, म्हणजे नानखटाईला पोल्वोरोन चालेल ना? इथे पण मिळतात, तीन रंगांचे असतात. सेन्योरांना मी काल एक चाखायला दिली, त्या लगेच पोल्वोरोनसितो म्हणाल्या.

सदाशिवपेठी

माझं स्पष्ट मत. नानखटाईला नानखटाईच म्हणा. जपानी माणूस सुशीचं भाषांतर करत बसतो का? आपण टाकोला 'मेक्सिकन पोळी' म्हटलं तर तुमच्या सेन्योरांना चालेल का? पाटीवर मोठ्या अक्षरात नानखटाई आणि खाली किंमत. ज्याला खायची तो विचारेल.

चिलीमिली

नाही विचारत हो काका. कोणीतरी आई दोन पोरांना धरून लाइनीत उभी असते, तिला तीन सेकंदात कळलं पाहिजे की हे गोड आहे का तिखट, मऊ का कडक, पोर खाईल का. अनोळखी नाव दिसलं की ती शेजारच्या स्टॉलवर चुर्रो घेते.

पोदेराचो_पूत

आणि काका, आपल्याच बेकरीत काय वेगळं चाललंय. पुण्यात पॅटिस मागितलं तर पफ मिळतो, मुंबईत मागितलं तर बटाट्याची टिक्की. दोघंही मराठीच बोलतात ना.

सदाशिवपेठी

मुंबईचं मला काही सांगू नका.

वेलांटी

दोन्ही करा. वर आपलं नाव देवनागरीत आणि रोमनमधे, मुलांना देवनागरी फार आवडते, आणि खाली एक ओळ स्पॅनिशमधे, पण तिथे 'याला काय म्हणतात' हे शोधत बसायच्या ऐवजी 'हे कशाचं आहे' ते लिहायचं. नाव देशागणिक फिरतं पण साखर सगळीकडे आसुकारच आहे. नानखटाई: 'पोल्वोरोनेस दे ला इंदिया, कोन कार्दामोमो इ मान्तेकिया क्लारिफिकादा'. तूप म्हणजे ते क्लारिफिकादा. आणि खाली ठळक 'सिन मान्तेका, सिन उएवो', चरबी नाही अंडं नाही. आणि कृपा करून 'इंदियोस' लिहू नका हं, मेक्सिकोत इंदियो म्हणजे तिथले आदिवासी आणि बऱ्याचदा शिवीसारखा वापरतात. 'दे ला इंदिया' म्हणजे भारतातलं, त्यात घोळ नाही.

मावा केकला अंडं आहे ना तुमच्या? मग पाटीवर लिहून टाका. तोंडी सांगताना मात्र एकवचन ठेवा, 'उएवो'. अनेकवचनात उएवोसचा चावट अर्थ होतो, म्हणून काही बायका दुकानात अंड्यांना ब्लांकियो, म्हणजे पांढुकलं, म्हणतात.

कटिंग_चहा

मी म्हटलं नव्हतं, पोरांना घरी ठेवा.

मावा_केक

हो अंडं आहे, मावा केक मी बिनअंड्याचा करतच नाही, भुसभुशीत होतो आणि घशात बसतो. तो पान्केसितो असंच ठेवू ना? सेन्योरांचाच शब्द. इथे मान्तेकादा म्हणून एक असतो लाल कागदाच्या वाटीतला, तो अगदी इराण्याकडच्या मावा केकसारखा दिसतो, पण नावात मान्तेका आलं की आता मलाच नको वाटतं. आणि माव्याला काय? खवा इथे मिळत नाही, मी तीन लिटर दूध चार तास आटवलंय, कढईच्या तळाशी खरवडून हात दुखतोय, ते पाटीवर यायला पाहिजे.

वेलांटी

'लेचे रेदुसिदा अ फुएगो लेन्तो', मंद आचेवर आटवलेलं दूध. हात दुखल्याचं त्यातच येतं.

माद्रिदवासी

खारीला ओहाल्द्रे सालादो म्हणा. ओहाल्द्रे म्हणजे पदर सुटलेलं पीठ, ओहा म्हणजे पान (झाडाचं, पावाचं नाही!). पहिला ह मुका आहे. स्पेनला तरी कळेल.

वेलांटी

ग्वादालाहारालाही कळेल. पुएब्लाकडे मात्र ओहाल्द्रा म्हणजे पान दे मुएर्तो, तिथे नवाच घोळ. मेक्सिकोत साखर लावलेली पानासारखी दुहेरी गुंडाळी मिळते ना, तिला ओरेहा म्हणतात, कान. स्पेनमधे तीच पाल्मेरा, ताडाचं झाड. ती खारीची गोड बहीण. तुम्ही पाटीवर 'ओरेहासारखी, पण खारट' असंही लिहू शकता, 'कोमो ओरेहास, पेरो सालादास'. लोकांना ओळखीच्या गोष्टीचं बोट धरून नवीनकडे नेलं की येतात.

मावा_केक

आणि जिरा बटर? त्यात बटरही नाहीये!

सदाशिवपेठी

हा प्रश्न मी चाळीस वर्षं बेकरीवाल्याला विचारतोय.

वेलांटी

'पानेसितोस तोस्तादोस कोन कोमिनो'. जिरं घातलेले भाजलेले छोटे पाव. बटरचं नाव काढू नका, मग मान्तेका-मान्तेकिया परत सुरू होईल.

पोदेराचो_पूत

स्पॅनिश म्हण आहे, आ फाल्ता दे पान, बुएनास सोन तोर्तास. पाव नसेल तर तोर्ता गोड मानायची. आपलं दुधाची तहान ताकावर. मेक्सिकोत म्हणे तोर्ताच्या जागी तोर्तिया घालतात, त्यांची तहान तशी.

वेलांटी

आणि कोन्तिगो पान इ सेबोया, तुझ्यासंगती पाव आणि कांदा. आपली कांदाभाकरच की, फक्त भाकरीचा पाव झाला.

मावा_केक (रविवार)

मंडळी, वृत्तांत. काल पाट्या चार, आणि चारही वेलांटीताईंच्या शब्दात, वर देवनागरी. नानखटाई पहिल्या तासात संपली. पोल्वोरोन वाचून येत होते आणि 'कार्दामोमो?' म्हणून थांबत होते, वास घेत होते, मग आपसूक दोन घेत होते. एका बाबांनी सिन मान्तेका वाचून विचारलं मग भुगा कशाने झाला, मी तुपाची बरणी दाखवली, त्यांनी झाकण काढून वास घेतला आणि बायकोला हाक मारली. देवनागरीचं तर विचारू नका, पोरांनी मला तासभर त्यांची नावं हातावर लिहायला बसवलं.

खारी सुरुवातीला पडून होती. मग एका पोराने तिच्यावर लिंबू पिळून लाल तिखट टाकलं, त्याच्या मित्राने टाकलं, आणि मग सगळ्यांनाच तशी पाहिजे. पुण्यात कोणाला सांगू नका.

जिरा बटर उरले. एक आजोबा दोन घेऊन गेले, म्हणाले नातवाला झोक्यावरून पडून भीती बसलीये, बोलियो नाही म्हणून हे देतो. इथे दचकलं की बोलियो खायला देतात, पोटात पाव गेला की भीती उतरते म्हणतात. आपण मीठ-मोहरी ओवाळतो तसं. (ग्वादालाहाराचे लोक रोजच्या पावाला बिरोते म्हणतात, पण भीतीसाठी बोलियोच.)

आणि संपत आलं तेव्हा आमच्या शेजारच्या सेन्योरा आल्या, नातीला घेऊन, केस विंचरून लिपस्टिक लावून. शेवटचा मावा केक उरला होता तो घेतला, तिथेच उभ्या राहून सावकाश खाल्ला, कागद चाटला, माझ्या कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'के रीको तु बिस्कोचो, मिहा.' (काय चविष्ट गं तुझा बिस्कोचो, पोरी.) आणि पुन्हा तशाच तोंडावर हात धरून हसत सुटल्या. नात विचारतेय काय झालं, काय झालं.

कटिंग_चहा

रुमाल उचलतो. डोळे पुसायला लागतोय.